एआरटीची पहिली बाटली घरी नेण्याआधी

एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं. ती देणाऱ्या एआरटी केंद्राबाहेरच्या बाकड्यावर मी बरीच वर्षं बसतेय. आधी पेशंट म्हणून बसायचे, आता नव्यानं आलेल्याला हाताला धरून आत न्यायला बसते. मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या घरातली. माझ्या गोळ्या 2009 साली सुरू झाल्या. तेव्हापासून एक गोष्ट पाहत आलेय. गोळी विसरली म्हणून आजार बळावलेली माणसं थोडी. गोळी लपवावी लागली म्हणून चुकली, अशी मात्र फार. सासू चुलीपाशी बसली होती, नणंद मुक्कामाला आली होती, लग्नघरात सगळे एकाच खोलीत झोपले होते, कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, मुकादम येऊन बसला होता. असं करत एक दिवस जातो, मग दोन, मग आठवडा.

म्हणून गोळी कशी गिळायची याआधी ती कुठं ठेवायची आणि कुणासमोर घ्यायची, हे ठरवायला हवं. मी डॉक्टर नाही. तुमच्या केंद्रातले डॉक्टर सांगतील तेच शेवटचं. पण घरी गेल्यावर काय काय होतं ते मला माहीत आहे, आणि ते आधी माहीत असलं तर बरंच निभावतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

आयसीटीसीत, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटवर रक्त तपासून मगच पॉझिटिव्ह सांगतात. तिथून एआरटी केंद्राची चिठ्ठी मिळते. आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात, तसंच जिल्हा रुग्णालयांतून ही केंद्रं आहेत. तालुक्याच्या काही रुग्णालयांत लिंक एआरटी असतं. नोंदणी आणि पहिल्या तपासण्या मोठ्या केंद्रात होतात, तब्येत रुळली की गोळ्या जवळच्या लिंक केंद्रातून घेता येतात.

गावचं कुणी भेटेल या धास्तीनं पुष्कळ जण दुसऱ्या जिल्ह्याचं केंद्र धरतात. तशी मुभा आहे. माझं मत विचाराल तर जवळचंच धरा. पहिल्या वर्षात खेपा जास्त होतात, आणि दर खेपेला एसटीचं भाडं अधिक बुडालेला रोज असा हिशोब पडतो. गावचा माणूस त्या बाकड्यावर भेटलाच, तर बहुतेक तोही तुमच्यासारखंच डोक्यावर रुमाल ओढून बसलेला असतो.

जाताना रिपोर्ट, आधार कार्ड आणि स्वतःचा मोबाइल नंबर न्या. दिराचा किंवा शेजाऱ्याचा नंबर देऊ नका. तारीख चुकली की समुपदेशक फोन करतात. फोन कोणत्या वेळी करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी त्यांना सांगून ठेवा. ते तसं लिहून घेतात.

पैसे लागत नाहीत. सरकारनं ही औषधं मोफत द्यायला 1 एप्रिल 2004 पासून सुरुवात केली. गोळ्या, सीडी4 म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी, सगळं फुकट. कुणी वाटेत गाठून "लवकर नंबर लावून देतो" म्हणालं तर सरळ आत जाऊन सांगा.

पहिल्या दिवशी रक्त बरंच काढतात, त्यानं घाबरू नका. सीडी4, हिमोग्लोबिन, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हर, साखर, कावीळ बी आणि सी, गुप्तरोगाची तपासणी, आणि छातीचा एक्स-रे. मग चार प्रश्न येतात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का. या चार प्रश्नांना खरं उत्तर द्या. "टीबी निघाला तर गोळ्या लांबतील" म्हणून खोकला दाबून बसलेला एक भाऊ मला आठवतो. टीबी अंगात असताना ही औषधं सुरू झाली, की प्रतिकारशक्ती एकदम जागी होऊन टीबीवर तुटून पडते आणि माणूस काही दिवसांतच आधीपेक्षा जास्त आजारी दिसू लागतो. त्याचं तसंच झालं. तो वाचला, पण तीन आठवडे वॉर्डात काढून.

2017 पर्यंत सीडी4 ठराविक आकड्याखाली उतरल्याशिवाय बहुतेकांना गोळ्या मिळत नसत. आता सीडी4 कितीही असो, तयारी झाली की लगेच सुरू करतात. टीबी किंवा मेंदूच्या पडद्याचा आजार असला तर मात्र आधी त्याचे उपचार लावतात आणि एआरटीला थोडं थांबवतात. हे थांबणं तुमच्याच भल्याचं असतं.

वेळ, जागा आणि एक माणूस

आजकाल बहुतेक मोठ्या माणसांना एकच गोळी असते, टीएलडी. तिच्यात टेनोफोविर 300, लॅमिवुडिन 300 आणि डॉल्युटेग्राविर 50 मिलिग्राम, अशी तीन औषधं असतात. दिवसातून एकदा घ्यायची, जेवणाआधी किंवा नंतर, दोन्ही चालतं. जुन्या लोकांच्या गोष्टी ऐकून घाबरू नका. माझ्या पहिल्या गोळ्या दिवसातून दोनदा होत्या, त्यांनी माझे गाल आत गेले, तळपाय सुन्न पडले. ज्या औषधानं हे झालं ते आता सरकारी कार्यक्रमात नाही.

वेळ घड्याळाकडं बघून ठरवू नका, कामाकडं बघून ठरवा. दिवाळीत, पेरणीत, पाहुण्यांत आणि उसाच्या फडातही जे काम चुकत नाही, त्याला गोळी बांधून टाका. मी भाकरीच्या पिठाला हात घालण्याआधी घेते. पीठ एकदा मळायला घेतलं की हात भरतात, म्हणून आधी गोळी, मग परात. माझ्या ओळखीचे एक काका गुरांना वैरण टाकून आले की घेतात. मोबाइलचा गजर लावायचा तर लावा, पण गजर वाजल्यावर गोळी हाताशी नसली तर त्याचा काय उपयोग?

जागेचं मराठवाड्यात अवघड आहे. गोळ्या 30 अंशांच्या आत ठेवा असं बाटलीवर लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरातला सगळ्यात थंड, कोरडा, अंधारा कोपरा शोधा. खालचा फळीचा कप्पा, मातीच्या भिंतीलगतची लोखंडी पेटी, ज्वारीच्या कोठीचा तळ. खिडकीत नको, फ्रीजच्या डोक्यावर नको, चुलीशेजारी नको, मोटारसायकलच्या डिकीत तर अजिबात नको. माठाजवळ थंड असतं पण ओल असते, तिथंही नको. लेकरांचा हात पोहोचणार नाही, एवढं मात्र पाहा.

गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या. बाटलीत एक छोटी पांढरी पुडी किंवा डबी असते, ती ओल शोषून घेते. ती फेकू नका, आणि औषध समजून खाऊही नका. एक मावशी पाच-पाच गोळ्या कागदात बांधून पदराच्या गाठीत ठेवायची. ऊस तोडता तोडता घामानं कागद भिजला. केंद्रात आली तेव्हा तिनं गाठ सोडून दाखवली. गोळ्यांच्या कडा सुटल्या होत्या, दोन तर चुरा होऊन पदराच्या सुताला चिकटल्या होत्या. "रोज खायलेय की हो ताई," ती म्हणत होती, आणि खरंच खात होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, बाटलीचा आवाज होतो म्हणून लाज वाटत असेल तर बाटली ओढणीत गुंडाळा, पिठाच्या डब्यात खुपसा, पण गोळ्या बाहेर काढू नका.

बाटलीवरचं लेबल खरवडून टाकू नका. नावं कुणी वाचू नये असं वाटत असेल तर वर कागद चिकटवा आणि त्यावर बाटली उघडल्याची तारीख लिहा. रात्री-बेरात्री तुम्हाला दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांना ते लेबल लागतं. कंपनी बदलली की गोळीचा आकार किंवा रंगही बदलतो. तेव्हा रंग न बघता तीन औषधांची नावं जुळतात का ते बघायचं, आणि नाहीच जुळली तर खिडकीवरच विचारायचं, घरी येऊन नाही.

आता माणूस. एकाला तरी सांगून ठेवा. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव आहे त्यालाच, असं नाही, तर ज्याच्या पोटात गोष्ट राहते त्याला. माझ्या बाबतीत ती नवऱ्याची बहीण निघाली, आईपेक्षा घट्ट. घरात पाहुणे असले की ती पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारी यायची. बाकीच्यांनी विचारलं तर "रक्ताची गोळी आहे" म्हणून मोकळं व्हा, त्यात पाप नाही. नवराबायकोत मात्र हे झाकून चालत नाही, दोघांचीही तपासणी व्हायला हवी. तोंडातून शब्द फुटत नसेल तर समुपदेशकासमोर बसून सांगता येतं. तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय फोडायला कायद्यानं मनाई आहे. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा, लागू झाला 10 सप्टेंबर 2018 ला. नोकरी, शाळा, दवाखाना यांत भेदभाव करायलाही त्यानं बंदी आहे.

पहिला पंधरवडा

पहिल्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, झोप न लागणं किंवा विचित्र स्वप्नं, यातलं काहीतरी होऊ शकतं. सगळ्यांना होत नाही. झालं तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. मळमळत असेल तर जेवल्यावर घ्या. झोप उडत असेल तर रात्रीची गोळी सकाळी करता येते, पण तो बदल केंद्राला विचारून करा. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर दुसरी घ्यावी लागते. त्यानंतर झाली तर नाही.

काही गोष्टींसाठी मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अंगावर पुरळ आणि त्यासोबत ताप किंवा तोंडात फोड, धाप लागणं, उलट्या न थांबणं, डोकं फुटेल असं दुखून मान ताठणं, लघवी एकदम कमी होणं. आणि मन इतकं खचणं की जीव द्यावासा वाटतो. यातलं शेवटचं लोक सांगत नाहीत. कृपा करून सांगा. रिपोर्ट आल्यावर मी स्वतः विहिरीच्या काठापर्यंत जाऊन आले आहे. एका समुपदेशक ताईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, मग तिसऱ्या दिवशी. त्यांनी फार काही केलं नाही, पुढची तारीख तेवढी देत राहिल्या.

सीडी4 कमी असेल, साधारण 350 च्या खाली, तर सोबत कोट्रायमॉक्सॅझोलची मोठी पांढरी गोळी देतात. ती न्यूमोनिया आणि इतर संसर्गांपासून राखते. पूर्वी सल्फाच्या औषधानं अंगावर पुरळ आलं असेल तर ती घेण्याआधी सांगा. टीबी नसलेल्यांना टीबी होऊ नये म्हणूनही औषध देतात. त्या आयसोनियाझिडबरोबरची बी6 ची गोळी किरकोळ समजून वगळू नका, हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ती असते.

एखादी गोळी राहिली तर

आठवली की लगेच घ्या, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीची. पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि लपवायचं नाही. केंद्रात बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतात, ती हजेरी नाही. महिन्याच्या तीसमधली एखादी राहिली तर निभावतं. तीन-चार राहायला लागल्या की काळजीचं.

का, ते कापूस लावणाऱ्याला पटकन कळतं. बोंडअळीवर अर्धी फवारणी केली की नाजूक अळ्या मरतात, चिवट राहतात, आणि पुढची पिढी सगळी चिवटच येते. मग तेच औषध कितीही मारा. विषाणूचं तसंच आहे. आज हो, उद्या नाही, असं केलं की अर्ध्या औषधात जगायला शिकलेला विषाणू उरतो. मग दुसऱ्या फळीची औषधं लागतात, ती जास्त, आणि त्यांची पथ्यंही जास्त.

उपवास, रोजा यांनी गोळी अडत नाही. एकादशीला पाण्याबरोबर घ्या. रमजानमध्ये इफ्तारनंतर किंवा सहरीला, दोन्हींपैकी एक वेळ धरून रोज तीच ठेवा. महिना सुरू होण्याआधी केंद्रात विचारून वेळ सरकवून घेतली की झालं. दारू प्यायलात तर त्या दिवशीची गोळी वगळायची, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. दारूनं लिव्हर खराब होतं आणि शुद्ध हरपून गोळी राहते, म्हणून दारू सुटलेली बरी. पण प्यायलात तरी गोळी घ्यायचीच.

दुसऱ्या गोळ्यांशी गाठ पडते तेव्हा

चांगली शिकली-सवरलेली माणसंही इथंच चुकतात, कारण इथं गोळी न चुकवताही औषध वाया जाऊ शकतं.

डॉल्युटेग्राविरला कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम पोटात भेटले की ते त्याला धरून ठेवतात आणि औषध रक्तात पुरेसं जात नाही. हे सगळं आपल्या घरात असतंच. ॲसिडिटीचं गुलाबी किंवा पांढरं पातळ औषध आणि चघळायच्या गोळ्या, यांत मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम असतं. आशाताई गरोदर बाईला देतात ती लाल लोहाची गोळी, सोबतची कॅल्शियमची गोळी, शाळेत मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी, मेडिकलवरचं टॉनिक, या सगळ्यांत लोह किंवा कॅल्शियम. वैद्याची शंखभस्म म्हणजे कॅल्शियम, लोहभस्म म्हणजे लोह.

नियम सोपा आहे. आधी एआरटीची गोळी, मग किमान दोन तास जाऊ द्या, मग ही औषधं. किंवा ही आधी घेतली असतील तर सहा तासांनी एआरटीची गोळी. लोह आणि कॅल्शियमच्या बाबतीत आणखी एक वाट आहे: भरपेट जेवणासोबत दोन्ही एकत्र घेतली तरी चालतात. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र ही सूट नाही. आमच्या बाकड्यावरची एक पोर सकाळी उपाशीपोटी एआरटी, लोह आणि कॅल्शियम अशा तीन गोळ्या एका घोटात घ्यायची, म्हणजे सासूसमोर एकदाच काय ते संपतं. गोळी एकही चुकत नव्हती, तरी व्हायरल लोड उतरेना. समुपदेशकानं तिला एकच गोष्ट करायला लावली: सगळ्या गोळ्या कशा घेतेस ते हातानं करून दाखव. तेव्हा उलगडलं. मग एआरटी सकाळी आणि बाकीच्या रात्री जेवणानंतर, एवढाच बदल केला.

दुखण्याच्या गोळ्या आणि सुया. उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्याची कंबर धरतेच, आणि गावात गेलं की डायक्लोफेनॅकची सुई मिळते, लगेच बरंही वाटतं. टेनोफोविर किडनीतूनच बाहेर पडतं. त्यात उन्हात पाणी कमी प्यायचं आणि वर वारंवार असली वेदनाशामकं घ्यायची, म्हणजे किडनीवर तिहेरी ओझं. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. जास्त लागत असेल तर केंद्रातल्या डॉक्टरांना सांगून घ्या. आणि पाणी भरपूर प्या. क्रिएटिनिनची तपासणी त्यासाठीच करतात, ती टाळू नका.

साखरेची मेटफॉर्मिन घेत असाल तर टीएलडीबरोबर तिचा डोस दिवसाला 1000 मिलिग्रामच्या वर जाऊ देत नाहीत. फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल या गोळ्या डॉल्युटेग्राविरचा जोर कमी करतात. त्या घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी बोललं पाहिजे, पण कुठलीच गोळी स्वतःहून बंद करायची नाही. दुसऱ्या फळीच्या औषधांवर असाल, रिटोनाविर असलेल्या, तर न जुळणाऱ्या औषधांची यादी आणखी लांब आहे. तेव्हा साधी ॲसिडिटीची गोळीसुद्धा विचारून घ्या.

म्हणून एक कागद करा. त्यावर तुमच्या एआरटीतली तीन नावं लिहा, घरात येणारी बाकी सगळी औषधं लिहा, टॉनिक आणि काढेसुद्धा. तो केंद्रात दाखवा. मेडिकलवाल्याला किंवा गावच्या डॉक्टरांना आजाराचं नाव सांगायचं नसेल तर नुसती औषधांची नावं दाखवून "यांच्यासोबत हे चालेल का" एवढं विचारा.

आणि मुळापासून बरं करतो म्हणणारे. अंगारा, झाडपाला, लाख रुपयांचा कोर्स. एचआयव्ही शरीरातून पूर्ण काढून टाकणारं औषध आज कुणाकडंच नाही. आमच्या भागात या नादात जमीन विकलेलं घर मला ठाऊक आहे. जमीन तर गेलीच, पण त्या महाराजानं आधी एआरटी बंद करायला लावलं होतं. श्रद्धेनं अंगारा लावायचा असेल तर लावा. पण कुणीही गोळी बंद कर म्हणालं की तिथून उठायचं.

टीबी आणि कावीळ बी

टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन डॉल्युटेग्राविरला शरीरातून लवकर हाकलतं. म्हणून दोन्ही सुरू असताना टीएलडीनंतर 12 तासांनी डॉल्युटेग्राविर 50 ची एक सुटी गोळी जास्तीची घ्यावी लागते, आणि टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे ती सुरू ठेवतात. टीबीचा विभाग वेगळा, एआरटीचा वेगळा. दोन्हीकडं दोन्ही सांगणं हे तुमचं काम.

कावीळ बी असेल तर टीएलडीतली दोन औषधं, टेनोफोविर आणि लॅमिवुडिन, त्या विषाणूलाही दाबून धरतात. अशा माणसानं गोळ्या अचानक सोडल्या तर कावीळ उसळून लिव्हर निकामी होऊ शकतं. पहिल्या दिवशीचा तो रिपोर्ट काय आला, ते विचारून स्वतःच्या लक्षात ठेवा.

तोडीला निघताना

दसरा झाला की गाड्या भरायला लागतात. कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, पश्चिम महाराष्ट्रात जातो, कर्नाटकात जातो, आणि परत येईपर्यंत पाच-सहा महिने. सगळ्यात जास्त गोळ्या आमच्याकडं याच काळात चुकतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, एक दिवस रजा मागितली तर खाडा कापतो, आणि कारण काय सांगायचं?

म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी केंद्रात जा आणि सांगा की तोडीला चाललोय, अमुक तालुक्यात, अमुक महिन्यापर्यंत. तब्येत आणि गोळ्या नीट असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात. त्यापुढं जिथं जाल तिथल्या जवळच्या एआरटी केंद्रातूनही गोळ्या मिळतात. कर्नाटकातही, कारण कार्यक्रम देशभर एकच आहे. त्यासाठी केंद्रातून मिळालेली तुमची हिरवी पुस्तिका आणि एआरटी नंबर सोबत हवा. पुस्तिकेचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. तिकडचं जवळचं केंद्र कोणतं, हे इकडूनच विचारून कागदावर घ्या. वाटेत अडलात तर 1097 हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

नवराबायको दोघंही गोळीवर असतील तर बाटल्या वेगवेगळ्या ठेवा. नाहीतर एकाची संपते, मग दोघं एकातून घेतात आणि तारीख येण्याआधी दोन्ही रिकाम्या. कोपीत गोळ्यांना उंदीर आणि दव यांपासून राखायचं तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, आत बाटली, आणि डबा पाचटाखाली सावलीत. पहाटे तीनला उठायचं असतं, म्हणून वेळ संध्याकाळची धरा, फडातून आल्यावर, पाणी तापायला ठेवल्यावर.

एसटीच्या प्रवास सवलतीबद्दल आणि संजय गांधी निराधार योजनेबद्दल केंद्रात विचारा. सवलतीचं कार्ड कंडक्टरला दाखवायला संकोच वाटतो म्हणून कित्येक जण पूर्ण तिकीट काढतात. त्यांना मी काही म्हणत नाही. एसटीची गर्दी मी पाहिली आहे.

सहा महिन्यांनी

गोळी लागू पडते का, हे वजनावरून किंवा चेहऱ्यावरून कळत नाही. व्हायरल लोडवरून कळतं. सहा महिन्यांनी पहिला, बारा महिन्यांनी दुसरा, मग वर्षातून एकदा. हजाराच्या वर आला तर घाबरून गोळी बंद करू नका. केंद्रात बसून कुठं चुकतंय ते शोधतात आणि पुन्हा तपासतात. विषाणू मोजण्याइतकाही सापडला नाही, आणि तसाच टिकून राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे मोठमोठ्या अभ्यासांत हजारो जोडप्यांवर पाहून सिद्ध झालेलं आहे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा समुपदेशकाला तीनदा विचारलं. पण विषाणू सापडला नाही म्हणजे आजार गेला, असं नाही. गोळी थांबवली की काही आठवड्यांत तो परत येतो. इतर गुप्तरोग होऊ नयेत आणि नको असताना दिवस जाऊ नयेत म्हणून निरोध लागतोच.

दिवस गेले तर लगेच कळवा, गोळी बंद करू नका. आई नियमित गोळीवर असली, बाळंतपण दवाखान्यात झालं आणि बाळाला जन्मल्याबरोबर पातळ औषध मिळालं, तर बाळ निगेटिव्ह राहण्याची शक्यता फार मोठी असते. अंगावर पाजत असाल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं. मधाचं बोट नको, घुटी नको, वरचं दूध नको. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते, ती तारीख पाळा.

खंड पडलाच असेल तर

महिना झाला, सहा महिने झाले, वर्ष झालं, तरी परत येता येतं. नोंद पुसली जात नाही. पण घरात सापडलेली जुनी बाटली उघडून आपल्या मनानं सुरू करू नका. मधल्या काळात टीबी शिरला असू शकतो, किडनीचं काही बदललं असू शकतं. डॉक्टर आधी ते पाहतात. पूर्वी कधी अबाकाविर या औषधानं ताप आणि पुरळ आलं असेल तर तेही सांगा. ते औषध पुन्हा कधीच घ्यायचं नसतं.

रागावतील म्हणून लोक येत नाहीत. कधीकधी कुणी रागावतंही, ते मी नाकारत नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही एका खिडकीवर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हा मी बाकड्यावर येऊन बसले, पाणी प्यायले आणि आत जाऊन समुपदेशकाला सांगितलं. तुम्हीही सरळ समुपदेशकाच्या खोलीतच जा. सोबत पुस्तिका घ्या, औषधांचा कागद घ्या, आणि उरलेल्या गोळ्यांची बाटली असेल तशी आणा, अर्धी भरलेली असली तरी.